धाकू सुतार आणि वाट बघणारा नागचाफा

तुळाजीदादा आता येणार नाही, हे त्या नागचाफ्याला कोण सांगणार?

फार वर्षांपूर्वी, पेंढखोल गावात वेळ सांगायला कोंबड्याखेरीज कुणी नव्हतं त्या काळात, धाकू सुतारानं हा प्रश्न गावातल्या प्रत्येकाला विचारला. गुरवाला विचारला, तो आभाळाकडे बघायला लागला. मानकऱ्यांना विचारला, त्यांना खोकला आला. भंडाऱ्याला विचारला, तो माडावर चढला आणि दिवस बुडेपर्यंत उतरला नाही. शेवटी त्यानं गोठ्यातल्या म्हशीला विचारला. असं म्हणतात की म्हैस तेवढी घास चावायची थांबली, विचारात पडल्यासारखी, आणि मग तिनंही तोंड फिरवलं. उत्तर कुणी दिलं नाही. आजवर नाही.

आता हा प्रश्न कळायचा तर पेंढखोलची एक रीत आधी कळायला हवी.

गावाच्या मागे डोंगराच्या कुशीत गांगोबाची राई आहे. भर दुपारीही तिथं ऊन चाळणीतून गाळल्यासारखं पडतं. राईच्या मधोमध एक नागचाफा उभा होता, अजून आहे. सरळ इतका, की सुतार लोक आपला ओळंबा बरोबर आहे का हे त्याच्याशी ताडून बघत. त्याचं टोक बघायला मान वर केली की पागोटं मागे पडायचं. नवी पालवी कुंकवासारखी लाल, फुलं पांढरीशुभ्र, मध्ये केशराचा पिवळा गोंडा, आणि लाकूड असं की त्याची ढलपी पाण्यात टाकली तर दगडासारखी बुडायची.

असं मोठं झाड पाडायचं असलं तर आदल्या दिवशी सुतारानं एकट्यानं जायचं, बुंध्यावर तळहात ठेवायचा आणि सांगायचं, "उद्या येतो." एवढंच. मग पाखरं आपली पिलं हलवतात, साप बीळ बदलतो, आणि डोळ्यांना न दिसणारं कुणी तिथं राहत असेल तर तेही आपलं गाठोडं बांधतं. दुसऱ्या दिवशी पहिला घाव मात्र त्यानंच घालायचा, ज्यानं सांगितलं. सांगणारा एक आणि घाव घालणारा दुसरा, हे चालत नाही. ती झाडाची फसवणूक.

त्या वर्षी चैत्रात गांगोबाच्या देवळाचा मधला खांब वाळवीनं खाल्ला. नवा खांब नागचाफ्याचाच हवा असं गावानं ठरवलं. गावचा सुतार तुळाजी राईत गेला, झाडाला "उद्या येतो" म्हणून सांगून आला. घरी येऊन त्यानं कुळथाच्या पिठीबरोबर दोन वेळा भात घेतला, कुऱ्हाड पाजळून दाराशी टेकवून ठेवली, झोपला, आणि सकाळी उठला नाही. यात चमत्कार काही नाही. चमत्कार सगळे नंतरचे.

तुळाजीला बायको होती, सगुणा. आणि हा धाकटा भाऊ होता, धाकू, विशीतला. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून दादाच त्याची आई आणि दादाच बाप. शाळेत धाकू चार दिवस गेला होता. पाचव्या दिवशी पंतोजींनी छडी उगारली तेव्हा तो म्हणाला की ही करवंदीची आहे, दुसऱ्या फटक्याला मोडेल. ती दुसऱ्या फटक्याला मोडली. पंतोजींनी त्याला घरी पाठवला आणि पुन्हा बोलावला नाही. धाकूचं असंच होतं. डोक्यात आलेलं आधी तोंडातून बाहेर पडायचं, मग हातातून, आणि विचार सगळ्यात शेवटी धापा टाकत यायचा.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. कावळे होते, एक सोडून नऊ होते, पण सगळे समोरच्या आंब्यावर बसून दुसरीकडे बघत होते. मानकरी अंतोबा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, तुझ्या बायकोला गाव अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. गुरव म्हणाला, देवळाचं काम अडणार नाही. कावळ्यांनी पंख साफ केले. कुणी म्हणालं म्हशीला बघू, कुणी म्हणालं कुऱ्हाडीला गंज चढू देणार नाही. ऊन डोक्यावर आलं, लोकांना भूक लागली, आणि तुळाजीला आणखी काय हवं असेल ते कुणाला सुचेना. तेव्हा धाकू पिंडाजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "झाडाचं मी बघतो, दादा."

नऊच्या नऊ कावळे एकदम उतरले. असं म्हणतात की पिंड तर संपलाच, पण अंतोबांच्या पागोट्याचा शेमलाही थोडा गेला.

म्हणून अकराव्या दिवशी धाकू राईत गेला. झाडाला खरं ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून गेला. नागचाफा फुलला होता. पाकळ्या टपटप पडत होत्या. धाकूनं बुंध्यावर तळहात ठेवला, तोंड उघडलं, आणि त्याच्या मनात आलं की अख्ख्या गावाला ठाऊक आहे दादा गेला, नदीला ठाऊक आहे, कावळ्यांना ठाऊक आहे. दादा येईल म्हणून वाट बघणारं जगात एवढं एकच उरलंय. ह्यालाही सांगितलं की मग कुणीच उरणार नाही.

आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "दादाला आज जरा बरं नाही," धाकू म्हणाला. "उद्या येतो म्हणालाय."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, कारण उद्या म्हटलं की उद्या कुणीतरी जायला हवं. त्या दिवशी दादाच्या पायात काटा गेला होता. तिसऱ्या दिवशी दादा पाहुण्यांकडे अडकला. चौथ्या दिवशी दादाचा बैल हरवला, पाचव्या दिवशी तो बैल शोधायला खाडीपलीकडे गेला. तुळाजी जिवंत असताना कधी होडीत बसला नव्हता, त्याला पाण्याचं भय होतं. पण मेल्यावर तो जो सुटला तो थांबेना. पंधरवड्यात तो घाट चढला, एका संस्थानिकाचा पलंग त्यानं दुरुस्त केला, वाटेत वाघाला कुऱ्हाडीचा दांडा दाखवून परत पाठवला. राईच्या कडेला पाचोळा गोळा करणाऱ्या बायका आता पाचोळा ठेवून ऐकत बसायच्या. आज तुळाजी कुठे पोचला, हे संध्याकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना कळायचं. येताना तो काय आणेल यावरून वरच्या वाडीत आणि खालच्या वाडीत वाद सुरू झाले.

एके दिवशी सगुणेनं धाकूच्या ताटात भाकरी वाढली आणि खाली बघून विचारलं, "उद्या त्यांना कुठं पाठवणार, भावजी?"

"महाबळेश्वराकडे बघतो," धाकू म्हणाला.

"तिकडे थंडी असते," ती म्हणाली. "घोंगडी द्या बरोबर."

दुसऱ्या दिवशी धाकूनं झाडाला घोंगडीचंही सांगितलं.

पण गावाला खांब हवा होता. देवळाचं नळ्यांचं छप्पर एका बांबूवर आणि गुरवाच्या नवसांवर टिकून होतं. पाऊस दीड महिन्यावर आला. अंतोबांनी पलीकडच्या गावाहून येसबा नावाच्या लाकूडतोड्याला बोलावायचं ठरवलं. धाकूनं अंतोबांच्या अंगणात जाऊन भांडण काढलं, सांगणारा आल्याशिवाय घाव घालायचा नाही ही रीत आहे म्हणाला. अंतोबा म्हणाले, रीत आम्हाला शिकवू नको मेल्या, देव सांगेल ते खरं. आणि देवाला कौल लावायचा ठरला.

कौल लावायची पद्धत सोपी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरवानं फुलं लावली, येसबानं घाव घालावा का असं विचारलं, सगळा गाव श्वास धरून बसला. फूल पडेना. उजवं नाही, डावं नाही. दुपार झाली. लोक घरी जाऊन जेवून आले. फुलं होती तिथंच. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. फुलं सुकली, काळी पडली, पण पडेनात. गुरव म्हणाला देव विचार करतोय. आठव्या दिवशी तो म्हणाला, देव फारच खोल विचार करतोय. शेजारच्या गावांहून माणसं बघायला यायला लागली. असं म्हणतात की पेंढखोलचा गांगोबा कुठल्याच प्रश्नाला घाईनं उत्तर देत नाही, ही त्याची ख्याती तेव्हापासूनची.

अकराव्या दिवशी गुरवाचा धीर सुटला. देवाला मदत करावी म्हणून त्यानं एका फुलाला बोट लावलं. बोट तिथंच राहिलं. त्यानं दुसऱ्या हातानं ते सोडवायला पाहिलं, तोही हात राहिला. गुरव देवाच्या गळ्यात पडल्यासारखा उभा, आणि तेलाची वाटी घेऊन माणसं धावली. तेव्हा कळलं की देवाच्या दोन्ही खांद्यांना कुणीतरी कौलाच्या दिवशी पहाटेच फणसाचा चीक फासून ठेवला होता. चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. धाकू मंडपात उभा होता आणि त्याच्या एका तळहाताला करवतीचा भुसा, चिमणीची दोन पिसं आणि सुपारीचं अर्धं खांड चिकटलेलं होतं.

देवाला आंघोळ घातली, नव्यानं कौल लावला. उजवं फूल टपकन पडलं, जणू अकरा दिवस तेवढ्यासाठीच थांबलं होतं.

येसबा आला. माणूस तगडा होता, दंडावर ताईत, आणि बोलणं असं की झाडं त्याला बघून आपण होऊन आडवी होतात. त्यानं नागचाफ्यावर पहिली कुऱ्हाड घातली. धार तव्यावरच्या पापडासारखी वळली. दुसरी घातली, ती उसळून करवंदीच्या जाळीत गेली. तिसऱ्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला, चौथीचं पातं निखळलं. खालची वाडी म्हणते एकूण पाच कुऱ्हाडी गेल्या, वरची वाडी म्हणते सात, आणि सातवी तर झाडाजवळ यायलाच तयार नव्हती. झाडाच्या सालीवर ओरखडा नाही. धाकू बाजूला बसून होता. त्यानं काही केलं नव्हतं, तो फक्त रडत होता, आणि रडता रडता दर घावाला येसबाला पाणी देत होता.

शेवटी येसबा खाली बसला, घाम पुसला आणि अंतोबांना म्हणाला, "हे कुणाची तरी वाट बघतंय. तो मी नव्हे." आणि मजुरी म्हणून मिळालेला भोपळा उचलून तो आपल्या गावाला निघून गेला.

अंतोबांचा राग मस्तकात गेला. मिरगाला आठच दिवस उरले होते. सगळ्या गावासमोर ते धाकूला म्हणाले, "छप्पर आता काय तुझ्या डोक्यावर ठेवायचं?"

"ठेवा," धाकू म्हणाला.

आणि तो देवळात गेला, मधल्या तुळईखाली उभा राहिला, खांद्यावर घोंगडीची घडी घेतली आणि बांबू काढा म्हणाला. लोक थट्टा समजून हसले. कुणीतरी बांबू काढला. तुळई करकरली, अर्धी वीत खाली आली आणि धाकूच्या खांद्यावर थांबली.

खालची वाडी म्हणते तो चार दिवस उभा होता. वरची वाडी म्हणते चार महिने. मी दोन्हीकडे जेवलेलो आहे, त्यामुळे मी यात पडत नाही. पाऊस मात्र आला, असा आला की नदीनं पायऱ्या धुतल्या, आणि छप्परातून एक थेंब गळला नाही. पहिले काही दिवस लोक येता-जाता त्याला बघत. मग त्याची सवय झाली. देवळात येणारे आपली इरली त्याच्या कोपराला अडकवायला लागले. गुरवानं विचारून एक समई त्याच्या डोक्यावर ठेवली. सभा भरली की लोक त्याला टेकून बसत, आणि त्याला शिंक आली की सगळा गाव नळे मोजायचा. चिमणीनं त्याच्या खांद्यावर घरटं केलं, त्यात तीन पिलं झाली, ती उडून जाईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. असं म्हणतात.

सगुणा त्याला दोन वेळा भरवून जायची. पहिल्याच संध्याकाळी धाकूनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं की आज झाडाकडे कोण गेलं. ती म्हणाली, मी गेले होते. मग रोज तीच जायची. आल्यावर घास भरवता भरवता सांगायची. आज ते पैठणला होते, उद्या येतो म्हणालेत. आज त्यांनी माझ्यासाठी पाटल्या बघितल्या, पसंत पडल्या नाहीत, उद्या येतात.

पाऊस सरत आला तेव्हा एके दिवशी ती नुसतीच बसली. घास हातात तसाच.

"काय सांगितलंत आज?" धाकूनं विचारलं.

"घरी या म्हटलं," सगुणा म्हणाली. "फार दिवस झाले बाहेर. आता घरी या म्हटलं, आणि जेवून घ्या."

धाकू रडला. दादा गेला त्या दिवसापासून तो रडतच होता, पण हे रडणं वेगळं होतं, पोटातून आलेलं. खांदे हलले, तुळई हलली, छप्पर हललं, घंटा आपोआप वाजल्या. गुरव भूकंप समजून देवाला मिठी मारून बसला, आणि मागे एकदा सुटलेला माणूस पुन्हा चिकटला की काय म्हणून लोक तेल घेऊन धावले. अंतोबाही धावत आले. त्यांनी धाकूकडे बघितलं, सगुणेकडे बघितलं, मग पागोटं काढून ठेवलं आणि धाकूच्या शेजारी जाऊन तुळईला आपला खांदा लावला. म्हातारा माणूस, त्याचा खांदा तुळईला पोचतही नव्हता. पण तो उभा राहिला. ते बघून गुरव आला, भंडारी आला, एकेक करत सगळे आले.

तेवढ्यानं धाकूच्या डोक्याला जरा मोकळीक मिळाली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला विचार सुचला. तो म्हणाला, आमच्या घराचा मधला खांब शिसवाचा आहे, आजोबांनी घातलेला, तो काढून आणा. सगुणेनं मान हलवली. खांब आला, चपखल बसला. हे पहिल्याच दिवशी का नाही सुचलं असं कुणी विचारलं, तर अंतोबा म्हणाले, अरे तो शाळेत चारच दिवस गेला होता, आपण तर तेवढेही नाही.

खांब काढल्यामुळे सुतारांचं घर पूर्वेकडे कललं. गावानं त्याला बारा टेकू दिले, घरटी एक. ते अजून उभं आहे, आणि पुढे भावकीतली जी माणसं त्यात वाढली ती जरा डावीकडे झुकून चालतात.

त्यानंतर नागचाफा पाडायची गोष्ट कुणी काढली नाही. धाकूनं मात्र त्याच्या बिया गोळा केल्या. त्या भाजून खाल्ल्या असत्या तर बरं असं लोक म्हणाले, कारण हे झाड वाढतं कसलं, बसून असतं. धाकूनं ऐकलं नाही. परसात लावायचं झाड हे नव्हे, याला ऐसपैस जागा हवी, म्हणून त्यानं देवळाच्या पटांगणात लावली, तळ्याच्या काठानं लावली, बाजार भरतो त्या माळावर लावली. एकवीस रोपं. दहा वर्षांनी ती गुरवाच्या कमरेला आली. वीस वर्षांनी त्यांच्या सावलीत एक कुत्रं मावायचं. चाळीस वर्षांनी त्यांच्याखाली लग्नं लागायला लागली. धाकूचंही लागलं असतं, पण तोवर तो साठीचा झाला होता आणि म्हणाला की आता सावलीच पुरे.

आज पेंढखोलात गेलात तर ती एकवीस झाडं दिसतील. मधे रस्ता रुंद करायला माणसं आली होती, कागद घेऊन, दोऱ्या घेऊन. गाव नाही म्हणालं नाही. गाव म्हणालं, खुशाल तोडा, पण रीत अशी आहे की ज्यानं झाडाला सांगितलं त्यानंच पहिला घाव घालायचा. त्याला येऊ द्या. कोण तो, असं त्या माणसांनी विचारलं. धाकू सुतार, गाव म्हणालं. कधी येईल? उद्या. ती माणसं तीन दिवस मुक्काम करून राहिली, फणसाची भाजी जेवली, आणि रस्ता वळवून घेऊन गेली. म्हणून पेंढखोलचा रस्ता वेड्यासारखा वळतो.

आणि दर वर्षी चैत्रात, नागचाफा फुलला की सगळं गाव कुऱ्हाडी घासूनपुसून, त्यांना हळदकुंकू लावून राईत जातं. सुताराच्या घरातली मोठी सून घोंगडीची घडी नेते. सगळे झाडाखाली बसतात आणि धाकूची वाट बघतात. दुपार होते. धाकू येत नाही. मग कुणीतरी वयस्क माणूस उठून झाडाला सांगतो की त्यांना आज जरा अडचण आली, आणि काय अडचण आली ते दर वर्षी नवं असतं. गेल्या वर्षी धाकू आणि तुळाजी काशीला पोचले होते आणि तिथं होडीत बसायचं की नाही यावर दोघांचं भांडण चाललं होतं. लोक हसतात, शिदोऱ्या सोडतात, जेवून घरी येतात.

हे सगळं कशामुळे, तर धाकूनं गावासाठी केलेल्या शेवटच्या कामामुळे. तेव्हा तो फार म्हातारा झाला होता. सगुणा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी तो काठी घेऊन निघाला, कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. पटांगणातल्या पहिल्या झाडापाशी गेला, बुंध्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "उद्या येतो." मग दुसऱ्यापाशी गेला, तिसऱ्यापाशी गेला. तळ्याकाठी दम खात, माळावर बसत उठत, त्यानं एकवीसच्या एकवीस झाडांना सांगितलं. लोक लांबून बघत होते. म्हातारा भ्रमला असं त्यांना वाटलं. तो असं का करतोय, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जमल्यावर त्यांना कळलं.

दिवस कलायला आला तेव्हा तो राईत शिरला आणि थोरल्या नागचाफ्यापुढे उभा राहिला. मग त्यानं तळहात ठेवला, जिथं दादानं ठेवला होता तिथंच, आणि सांगितलं,

"उद्या दोघंही येतो."